एटीपी बाहेर सांडला की पेशीला कसं कळतं? न्यूक्लिओटाइड आणि रिसेप्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात फार्मसीच्या पोरांना शिकवतो. दरवर्षी हा चॅप्टर आला की तेच ते प्रश्न, आणि आता तर नातेवाईकांचे पण फोन येतात कारण आमच्या नात्यात दोघांना स्टेंट टाकलीय आणि गोळ्यांची नावं वाचून लोक मलाच विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. क्रम काही लावलेला नाही, जसे प्रश्न येत गेले तसे.

न्यूक्लिओटाइड म्हणजे डीएनएमधले तेच ना?

घराणं तेच. एक बेस, एक साखर आणि तिला लटकलेले फॉस्फेट, झाला न्यूक्लिओटाइड. डीएनए-आरएनएमध्ये ते माळेसारखे ओवलेले असतात, इथे आपण सुट्ट्या फिरणाऱ्यांबद्दल बोलतोय, म्हणजे एटीपी, एडीपी, यूटीपी, यूडीपी (यू वाल्यांचा बेस वेगळा, युरॅसिल) आणि एक यूडीपी-ग्लुकोज. आमच्याकडच्या पोरांना मी केळीवरून सांगतो. फणीला तीन केळी असली तर एटीपी, एक तोडलं की एडीपी, दुसरं तोडलं की एएमपी, आणि तिन्ही गेली नुसता दांडा उरला की अडेनोसिन. शेवटच्याला फॉस्फेटच नाही म्हणून कागदोपत्री तो न्यूक्लिओटाइड नाही, न्यूक्लिओसाइड. पण या गोष्टीत सगळ्यात जास्त भाव तोच खाऊन जातो, पुढे बघा.

एटीपी तर एनर्जी करन्सी आहे, दहावीपासून तेच पाठ केलंय. मग हा निरोप्या कधी झाला?

दहावीचं चूक नाही, अर्धं आहे. पेशीच्या आत एटीपी खच्चून भरलेला असतो, मिलिमोलरमध्ये, आणि पेशीच्या बाहेर जवळजवळ नाहीच, नॅनोमोलरच्या आसपास. लाख पटीचा किंवा त्याहून मोठा फरक. आता असं बघा, जिनिंगच्या आवारात कापूस पडलेला दिसला तर कोणी वळून पण बघत नाही, पण हायवेवर पांढराशुभ्र कापूस पसरलेला दिसला की लगेच कळतं इथून गाडी गेली, आणि ढीगच पडला असेल तर गाडी उलटली. कापूस तोच, जागा बदलली की बातमी झाली. एटीपीचं तसंच आहे. आत आहे तोवर इंधन, बाहेर दिसला की बातमी. आणि ती बातमी वाचायला पेशीच्या आवरणावर जे प्रोटीन बसलेले असतात ते रिसेप्टर.

बाहेर येतो कसा? पेशी फुटूनच?

फुटून तर येतोच, मार लागला भाजलं कापलं की आतला सगळा माल बाहेर. पण धडधाकट पेशी पण मोजून मापून सोडतात. नसांच्या टोकाला छोट्या पिशव्यांमध्ये तो भरून ठेवलेला असतो (भरणाऱ्या ट्रान्सपोर्टरचं नाव व्हीनट), सिग्नल आला की पिशवी रिकामी. शिवाय पॅनेक्सिन, कनेक्सिन अशी चॅनेल आहेत त्यातून पण येतो. पेशी ताणली गेली दाबली गेली तरी येतो, मूत्राशय भरून ताणलं की त्याच्या आतल्या अस्तरातून एटीपी सुटतो आणि खालच्या नसांना कळतं की आता उठा.

एकूण रिसेप्टर किती आणि कोणते?

तीन घरं आहेत. पी१ हे अडेनोसिनचं घर, त्यात चार भाऊ: ए१, ए२ए, ए२बी, ए३. पी२एक्स हे फक्त एटीपीचं, त्यात सात, १ ते ७. आणि पी२वाय मध्ये आठ: १, २, ४, ६, ११, १२, १३, १४.

कोण कोणाला ओळखतं ते माणसांपुरतं असं धरा: पी२वाय१, १२ आणि १३ एडीपीचे. पी२वाय२ ला एटीपी आणि यूटीपी दोन्ही चालतात. ४ मुख्यतः यूटीपीचा, ६ यूडीपीचा, ११ एटीपीचा, १४ यूडीपी-ग्लुकोजचा (त्याला साधा यूडीपी पण चालतो). परीक्षेला एवढं आलं तरी चार मार्क कुठे जात नाहीत.

मधले ३, ५, ७, ८ नंबर कुठे गेले सर?

हा प्रश्न दरवर्षी मागच्या बाकावरून येतो. नंबर घाईघाईत दिले गेले. पी२वाय३ हा कोंबडीतला निघाला, आपल्या ६ नंबरचाच भाऊबंद. ७ नंबर तर ल्युकोट्रीन बी४ चा रिसेप्टर निघाला, ५ नंबर लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिडचा. नावं काढून टाकली, नंबर मात्र परत भरले नाहीत.

पी२एक्स आणि पी२वाय मध्ये नेमका फरक काय, सोप्या भाषेत?

पी२एक्स हे दार आहे. तीन तुकडे मिळून एक दार बनतं, तुकड्यांच्या सांध्यात एटीपी बसतो (तीन सांधे म्हणून तीन जागा), दार उघडतं आणि सोडियम कॅल्शियम आत, पोटॅशियम बाहेर. मिलिसेकंदाचा खेळ. झेब्राफिश माशाच्या पी२एक्स४ चा फोटो म्हणजे क्रिस्टल स्ट्रक्चर २००९ साली आलं तेव्हा ही रचना डोळ्यांनी दिसली. या दाराला एटीपीच लागतो, एक फॉस्फेट जरी तुटला तरी एडीपीला ते सहसा दाद देत नाही.

पी२वाय हे दार नाही, डोअरबेल. बाहेर बटण दाबलं जातं, आत जी-प्रोटीन नावाचा गडी उठतो आणि पुढची कामं लावतो. या गड्याचे प्रकार आहेत, जीक्यू, जीआय, जीएस. १, २, ४, ६, ११ हे जीक्यू वाले, त्यांच्यामुळे पेशीतलाच साठवलेला कॅल्शियम सुटतो. १२, १३, १४ हे जीआय वाले, ते सायक्लिक एएमपी कमी करतात. ११ नंबर जरा आगाऊ आहे, तो जीएस पण धरतो आणि सायक्लिक एएमपी वाढवतो. सेकंदांचा खेळ आहे पण परिणाम लांबवर जातो.

सायक्लिक एएमपी पण न्यूक्लिओटाइडच ना, मग तो यातला का नाही?

कारण तो आतल्या आत काम करतो, बाहेरून बेल वाजल्यावर. निरोप्या नाही, घरातला गडी. गोंधळ करू नका.

एकच एटीपी, मग परिणाम इतके वेगवेगळे कसे? कुठे दुखणं, कुठे गुठळी, कुठे चव?

मला विचाराल तर या अख्ख्या चॅप्टरमध्ये खरा मुद्दा हाच आहे आणि पुस्तकात तो कोपऱ्यात पडलाय. एटीपीला स्वतःचा असा काही अर्थच नाही. अर्थ दोन गोष्टी ठरवतात, ऐकणारा कोण आहे आणि त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर फॉस्फेट किती शिल्लक राहिले.

प्लेटलेटचंच बघा. तिच्या पोटात दाणे असतात त्यात एडीपी, एटीपी, सेरोटोनिन, कॅल्शियम भरलेलं. रक्तवाहिनीला कुठे चीर गेली की प्लेटलेट तिथे चिकटते आणि दाणे ओतते. एटीपी तिच्या पी२एक्स१ वर बसून कॅल्शियम आत घेतो, तात्पुरता चिमटा. एडीपी पी२वाय१ वर बसला की प्लेटलेट आकार बदलते, गोल चकतीची काटेरी होते. तोच एडीपी पी२वाय१२ वर बसला की ती एकमेकींना धरायला लागते आणि धरूनच ठेवते, गुठळी पक्की होते. गंमत म्हणजे त्याच पी२वाय१२ वर एटीपी उलटा काम करतो, जागा अडवून बसतो. एक फॉस्फेट जास्त, आणि बोलवणारा अडवणारा झाला.

आता दुसरी बाजू. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सीडी३९ नावाचं एन्झाइम बसलेलं असतं, ते एटीपीचा एडीपी आणि एडीपीचा एएमपी करत सुटतं, आणि त्याच्या शेजारी सीडी७३, ते एएमपीचा अडेनोसिन करतं. अडेनोसिन प्लेटलेटच्या ए२ए वर बसला की तिला शांत करतो. म्हणजे जो रेणू एक मिनिटापूर्वी ‘या रे सगळे’ म्हणत होता तोच तासून तासून ‘जा आता घरी’ म्हणायला लागतो. अस्तर धड आहे तिथे गुठळी पसरत नाही त्यामागे हे पण एक कारण आहे, आणि जिथे अस्तरच फाटलंय तिथे ही कात्री नाही म्हणून तिथे गुठळी धरते. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वर्गात थांबून दोन मिनिटं नुसता फळ्याकडे बघत बसलो होतो, पोरांना वाटलं सर विसरले.

मामांना स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल दिलीय, ती यात कुठे येते?

ती बरोब्बर पी२वाय१२ वर येते. गोळी स्वतः निष्क्रिय असते, लिव्हरमध्ये (मुख्यतः सीवायपी२सी१९ या एन्झाइममुळे) तिचं खरं औषध बनतं आणि ते पी२वाय१२ ला कायमचं चिकटतं. प्लेटलेटला केंद्रक नाही, नवीन रिसेप्टर बनवता येत नाही, म्हणून ती प्लेटलेट मरेस्तोवर म्हणजे ७ ते १० दिवस बहिरीच. ऑपरेशनच्या आधी काही दिवस गोळी बंद करायला सांगतात ते यामुळेच, नवीन प्लेटलेट तयार व्हायला वेळ द्यावा लागतो. काही लोकांत ते लिव्हरमधलं एन्झाइमच जन्मतः कमजोर असतं, त्यांना या गोळीचा गुण कमी येतो.

इतिहास अजून मजेदार आहे. एडीपीमुळे प्लेटलेट चिकटतात हे नॉर्वेच्या लोकांनी १९६१ मध्ये दाखवलं. क्लोपिडोग्रेल अमेरिकेत १९९७ ला मंजूर झाली. आणि ती ज्याच्यावर काम करते त्या रिसेप्टरचा जीन हाताला लागला २००१ मध्ये. म्हणजे कुलूप कोणतं हे कळायच्या आधी चार वर्षं किल्ली मेडिकलवर मिळत होती.

आमचे भुसावळचे मामा दाढी करताना जरा जास्त रक्त आलं म्हणून गोळी स्वतःच बंद करून बसले होते. म्हटलं, मामा तुम्ही गोळी कोणाला विचारून सोडली? तर म्हणे, ‘अरे भो, रक्त पातळ झालं ना मंग आता कशाले खायाची?’ मामा, रक्त पातळ होत नाही. रक्त तेवढंच दाट असतं, फक्त प्लेटलेटला एडीपीची हाक ऐकू येत नाही. स्टेंट नवीन असताना गोळी मनाने सोडली तर त्या जाळीतच गुठळी धरू शकते आणि मग थेट अटॅक. रक्त जास्त येत असेल तर डॉक्टरांना फोन करायचा, गोळी चालू ठेवायची की बदलायची ते त्यांनाच ठरवू द्या.

टिकाग्रेलोर घेतल्यावर काहींना दम का लागल्यासारखा वाटतो?

हे औषध पण पी२वाय१२ चंच, पण कायमचं चिकटत नाही, बसतं उठतं, म्हणून दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. दमाचं एक कारण असं मानतात की हे औषध पेशींना अडेनोसिन आत ओढून घेऊ देत नाही, त्यामुळे अडेनोसिन बाहेर जास्त वेळ रेंगाळतो. बऱ्याचदा त्रास सौम्य असतो आणि जातो, पण सांगायचं डॉक्टरांना, मनाने बंद नाही करायची (वरचे मामा आठवा).

हे सगळं शोधलं कोणी?

सुरुवात १९२९ ची. केंब्रिजला ड्र्युरी आणि सेंट-ज्योर्जी (तेच, पुढे व्हिटॅमिन सी मुळे १९३७ चं नोबेल मिळालेले) यांनी अडेनिनवाले रेणू प्राण्यांना शिरेतून दिले तर हृदयाचे ठोके मंदावले. योगायोग असा की त्याच वर्षी कार्ल लोमान यांनी स्नायूत एटीपी शोधला. १९५९ ला पामेला होल्टन यांनी सशाच्या कानाच्या नसेतून एटीपी सुटतो हे दाखवलं.

पण हा विषय उभा केला जेफ्री बर्नस्टॉक यांनी. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला काम करत होते, गिनीपिगच्या आतड्याच्या स्नायूवर. तेव्हा माहीत असलेले दोन्ही निरोपे, अॅसिटिलकोलिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन, औषधाने बंद केले आणि नसेला करंट दिला. काहीच व्हायला नको होतं, तरी स्नायू सैल पडला. मग तिसरा कोण? १९७२ मध्ये त्यांनी लिहिलं की तो एटीपी आहे आणि अशा नसांना प्युरिनर्जिक नाव दिलं. लोक वीसेक वर्षं नाक मुरडत होते, एवढं महागाचं इंधन कोणी निरोपासाठी उधळेल का असा सूर होता. १९७८ ला त्यांनी पी१-पी२ अशी वाटणी केली, १९८५ ला केनेडी यांच्यासोबत पी२एक्स-पी२वाय, आणि १९९३-९४ ला जीन हाताला लागले तेव्हा वाटणी बरोबर निघाली. २०२० मध्ये वारले. नोबेल काही मिळालं नाही, मला विचाराल तर द्यायला हवं होतं.

चहा प्यायला की झोप उडते ते पण यातलंच का?

हो. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अडेनोसिन साचत जातो, तो ए१ आणि ए२ए वर बसतो आणि डोळे जड होतात. कॅफिनची बनावट अडेनोसिनच्या प्युरिन भागासारखी आहे, ते जाऊन त्याच खुर्चीवर बसतं पण काम काहीच करत नाही. रेल्वेच्या डब्यात रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. अडेनोसिन दारात उभाच राहतो. कॅफिन उतरलं की साचलेला सगळा एकदम आत घुसतो म्हणून चहाचा असर ओसरला की आणखी जास्त पेंग येते.

छातीत धडधड खूप वाढली तर हॉस्पिटलमध्ये अडेनोसिनचंच इंजेक्शन देतात म्हणे?

एका ठरावीक प्रकारच्या धडधडीला, एसव्हीटी म्हणतात तिला. ६ मिलिग्रॅम झटक्यात शिरेतून, नाही थांबली तर १२. ए१ रिसेप्टरमुळे हृदयाच्या मधल्या गाठीतला (एव्ही नोड) करंट क्षणभर अडतो आणि चुकीचं चक्र तुटतं. रक्तात त्याचं आयुष्य दहा सेकंदांपेक्षा कमी, म्हणून हळूहळू दिलं तर पोचायच्या आत संपतं. पेशंटला ते काही क्षण फार वाईट वाटतात, छातीवर दगड ठेवल्यासारखं. दम्याची थिओफायलिन चालू असेल तर सांगायचं, ती पण याच रिसेप्टरला अडवते.

चवीचा काय संबंध? मिरची झोंबते ते एटीपीमुळे का?

नाही, मिरची वेगळी. शेवभाजीचा झटका टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरचा, तो गरमीचा आणि दुखण्याचा आहे, चवीचा नाहीच. पण गोड, कडू आणि रश्श्याची जी भरलेली चव असते ती उमामी, या तीन चवी जिभेवरच्या पेशीला कळल्या की ती पेशी एटीपी सोडते आणि नसेवरचे पी२एक्स२ आणि पी२एक्स३ मिळून बनलेलं दार उघडतं, मग मेंदूला कळतं. २००५ मध्ये ही दोन्ही दारं नसलेले उंदीर बनवले तर त्यांची चव जवळजवळ गेलीच. म्हणजे आसोद्याच्या वांग्याचं भरीत खाताना जिभेवर एटीपीचीच टपाल सेवा चालू असते.

याचा पुरावा माणसात उलट्या बाजूने मिळाला. जुनाट कोरड्या खोकल्यात घशाच्या नसांवरचा पी२एक्स३ जास्त चेकाळलेला असतो, तो अडवायला गेफापिक्संट नावाचं औषध काढलं, जपानने २०२२ मध्ये मंजूर केलं. खोकला कमी होतो, पण बऱ्याच लोकांची चव बिघडते, कारण दार तेच.

कुरकुऱ्या पाकिटावर ६२७, ६३१, ६३५ लिहिलेलं असतं ते काय? ६३१ डुकराची चरबी आहे असा मेसेज आला होता.

अरे देवा, तो मेसेज. ६२७ म्हणजे ग्वानिलेटचं मीठ, ६३१ म्हणजे इनोसिनेटचं, ६३५ म्हणजे दोन्हींचं मिश्रण. तिन्ही न्यूक्लिओटाइड आहेत, चरबी नाहीच. मांस-माशापासून काढता येतात आणि स्टार्च आंबवून पण बनतात. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी स्रोतातलं.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यात मजा अशी की हे न्यूक्लिओटाइड वरच्या तिन्ही घरांत बसत नाहीत. उमामीचा रिसेप्टर माश्या खाणाऱ्या झाडाच्या जबड्यासारखा असतो, जबड्यात खोल ग्लुटामेट (उमामी चवीचा मूळ रेणू) बसतो आणि हे तोंडाशी बसून जबडा मिटलेला धरून ठेवतात. म्हणून चिमूटभर घातलं तरी ग्लुटामेटची चव कितीतरी पटीने वाढते. इनोसिनेटची चव जपानच्या कोदामा यांनी १९१३ मध्ये सुकवलेल्या बोनिटो माशात ओळखली होती.

पी२एक्स७ बद्दल एवढं का बोलतात?

कारण तो थोड्याथोडक्याला जागा होत नाही. बाकी पी२एक्सना मायक्रोमोलरमध्ये एटीपी पुरतो, याला शेकडो मायक्रोमोलर लागतो, म्हणजे हायवेवर गाडी उलटली तरच. तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो. उघडला की पोटॅशियम बाहेर वाहतं, त्यावरून आतलं इन्फ्लमासोम (सूज सुरू करणारी प्रोटीनची जुळणी) जागं होतं आणि आयएल-१बीटा नावाचा सूजेचा निरोप्या सुटतो, मग ताप, सूज. याला अडवायची बरीच औषधं बनवून पाहिली, संधिवातात पण चालवली, तिथे पदरात फारसं काही पडलं नाही.

एटीपीच्या गोळ्या खाल्ल्या तर ताकद येईल का? जिमवाले विकतात.

पैसे केळ्यांवर घाला. तोंडाने घेतलेला एटीपी आतड्यात आणि लिव्हरमध्येच तुकडे तुकडे होतो, आणि अख्खा एटीपी पेशीच्या आवरणातून सहज आत जातच नाही, त्याच्यावर चार ऋण भार असतात. शरीर स्वतःच दिवसभरात आपल्या वजनाच्या आसपास एटीपी बनवतं आणि मोडतं, त्यात तुमची गोळी कुठे दिसणार.

कापसाला, केळीला पण असलं काही असतं का सर?

हा प्रश्न चोपड्याच्या एका पोराने विचारला होता, घरी कापूस लावलेला, आणि मला आवडला. झाडांना पी२एक्स, पी२वाय काहीच नाही. पण २०१४ मध्ये अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात डॉर्न१ नावाचा रिसेप्टर सापडला, तो बाहेरचा एटीपी ओळखतो. पान फाटलं की एटीपी सांडतो, डॉर्न१ ला कळतं, पेशीत कॅल्शियम वाढतो आणि जखमेविरुद्धची तयारी सुरू होते. बनावट आपल्या रिसेप्टरपेक्षा पार वेगळी, तरी सांडलेलं इंधन म्हणजे धोका हे झाडाने पण स्वतंत्रपणे ओळखलंय. मग पोरगं म्हणे, ‘म्हणजे बोंडअळी चावली की कापूस ओरडतो का सर?’ म्हटलं ओरडत नाही रे, आतल्या आत निरोप धाडतो.